समासातले ३१ शेरे: एका विधिलेखन स्पर्धेचा अनुभव

निकाल लागून महिना झाला. पहिल्या दहांत माझं नाव नाही. तरीही गेला महिनाभर मी भेटेल त्या लॉच्या विद्यार्थ्याला हीच स्पर्धा सुचवतेय, आणि जो तो विचारतो, "नंबर आला नाही ना, मग मिळालं काय?" ते एका वाक्यात सांगता येत नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

स्पर्धा केस कॉमेंटची. म्हणजे एखादा निवाडा घ्यायचा आणि त्याची कायदेशीर चिकित्सा करायची. चालवतात विद्यार्थीच, तपासायला मात्र शिकवणारे आणि वकिली करणारे लोक बसतात. स्पर्धेचं नाव देत नाही, कारण पुढे तक्रारीही येणार आहेत आणि चालवणारी मुलं अभ्यास सांभाळून हे सगळं करतात.

यंदाचा विषय होता, डोनोघ्यू विरुद्ध स्टीव्हन्सन या १९३२ सालच्या ब्रिटिश निवाड्यातलं काळजीचं कर्तव्य, म्हणजे आपल्यामुळे दुसऱ्याला इजा होऊ नये याची वाजवी काळजी घेण्याची जबाबदारी, सॉफ्टवेअर बनवणाऱ्यावर टाकता येईल का. मर्यादा २,५०० शब्दांची, तळटीपा वगळून. संदर्भ ऑस्कोला पद्धतीने. फाइलमध्ये नाव कुठेच नको, फक्त नोंदणी क्रमांक.

आधी मी या स्पर्धांबद्दल इतकी कडक का झाले ते सांगते. कायद्याकडे येण्यापूर्वी सहा वर्षं मी अकाउंट्समध्ये होते. तिथे व्हाउचर नसेल तर एंट्री पडत नाही, आणि ते व्हाउचर कुणीतरी तपासतं. लॉला आल्यावर पहिल्याच वर्षी एका निबंध स्पर्धेत भाग घेतला. प्रवेश शुल्क भरलं, दीड महिना खपून ३,००० शब्द लिहिले, पन्नासेक तळटीपा दिल्या. मुदत संपल्यावर चौथ्या दिवशी निकाल आला, सोबत सहभागाचं प्रमाणपत्र. परीक्षक कोण, हे नियमांत नव्हतं. गुण किती, कशाला, हेही नाही. विचारायला मेल केला, त्याचं उत्तर आजतागायत आलेलं नाही. शेकडो निबंध चार दिवसांत कुणी वाचले असतील यावर माझा विश्वास बसत नाही. त्या प्रमाणपत्राकडे बघून मला रडू आलं होतं. हरले म्हणून नाही. माझं लिखाण कुणी उघडूनही पाहिलं नसेल, याचं.

त्यामुळे या वेळी नोंदणी करण्याआधी मी एकच गोष्ट शोधली: वाचणार कोण? नियमावलीत लिहिलं होतं की प्रत्येक लेख दोन परीक्षक स्वतंत्रपणे तपासतील, आणि नंबर येवो न येवो, गुणपत्रक व शेरे प्रत्येकाला परत मिळतील. एवढं वाचून मी शुल्क भरलं.

आणि ते खरोखर परत आले. १०० पैकी ६१ गुण आणि समासात ३१ शेरे असलेली फाइल. विश्लेषणाला ३५ पैकी १९, भाषेला २० पैकी १६, संदर्भांना १० पैकी ५. बाकी गुण मुद्द्याची मांडणी आणि रचना यांचे.

पहिलाच शेरा दुसऱ्या परिच्छेदावर होता. मी लिहिलं होतं, "बाटलीत कुजलेली गोगलगाय असल्याचं न्यायालयाला आढळलं." त्यातल्या 'आढळलं' या शब्दाखाली रेघ मारून परीक्षकांनी विचारलं होतं, "आढळलं, की गृहीत धरलं?"

मी निवाडा पुन्हा उघडला. हकीकत सगळ्यांना पाठ असते. २६ ऑगस्ट १९२८, स्कॉटलंडमधल्या पेझली गावातला कॅफे, मैत्रिणीने मे डोनोघ्यू यांच्यासाठी घेतलेली जिंजर बिअर, गडद काचेची बाटली, थोडी पिऊन झाल्यावर उरलेली बिअर ओतताना बाहेर आलेली गोगलगाय. बाटली मैत्रिणीने विकत घेतली होती, म्हणून मे यांचा कुणाशीच करार नव्हता, आणि म्हणून थेट उत्पादकावर दावा. पण हाउस ऑफ लॉर्ड्सपुढे, म्हणजे ब्रिटनच्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयापुढे, प्रश्न एवढाच होता, की डोनोघ्यूबाईंचं म्हणणं खरं धरलं तर कायद्यात त्यांना दावा आहे का. १९३२ साली तीन विरुद्ध दोन अशा मतांनी उत्तर आलं, आहे. साक्षीपुरावा झालाच नाही. पुढे स्टीव्हन्सन वारले आणि प्रकरण तडजोडीने मिटलं. बाटलीत गोगलगाय होती की नव्हती, हे कुठल्याही न्यायालयाने कधी ठरवलेलं नाही. टॉर्ट्सच्या (दिवाणी अपकृत्यांच्या) पेपरात मी या निवाड्यावर दोनदा उत्तर लिहिलं, चांगले गुण मिळवले, आणि दोन्ही वेळा हीच चूक केली होती. ती कुणी दाखवली नव्हती.

दुसरा शेरा तळटीपेवर. निवाड्याचा संदर्भ मी बिनचूक दिला होता: चौकोनी कंसात १९३२, मग अपील केसेस या छापील निवाड्यांच्या मालिकेचं संक्षिप्त रूप, मग ५६२. पण ५६२ हे निवाडा सुरू होतो ते पान. मी ज्या वाक्यावर अख्खा लेख उभा केला होता, ते बहुमतातले न्यायाधीश लॉर्ड अ‍ॅटकिन यांचं शेजाऱ्याचं तत्त्व, ५८० व्या पानावर आहे. आपल्या वागण्याचा फटका ज्यांना बसेल हे आपल्या ध्यानात असायला हवं, ते कायद्याच्या नजरेत आपले शेजारी. परीक्षकांनी समासात फक्त "५८०" लिहून गोल केला होता. मला एकदम जुनं ऑफिस आठवलं. फाइलमध्ये व्हाउचर आहे एवढं सांगून भागत नसे, कितव्या पानावर ते सांगावं लागे. वाचणाऱ्याला अठरा पानं चाळायला लावणं म्हणजे पुरावा न देण्यासारखंच आहे.

ऑस्कोलाबद्दल थोडं सांगते, कारण बऱ्याच जणांचे गुण तिथेच जातात. ही ऑक्सफर्डच्या कायदा विभागाची पद्धत, आणि ती ब्लूबुक या संदर्भ देण्याच्या अमेरिकी पद्धतीपेक्षा पुष्कळ आटोपशीर आहे. संक्षिप्त रूपांत टिंबं नाहीत. तीन ओळींपर्यंतचं उद्धृत एकेरी अवतरणचिन्हांत. त्याहून मोठं असेल तर वेगळा परिच्छेद, आत सरकवून, अवतरणचिन्हांशिवाय. मागच्याच तळटीपेतला संदर्भ पुन्हा आला तर तिच्या चौथ्या आवृत्तीत 'इबिड' (तिथेच) चालतं, पण 'सुप्रा' (वर दिलेला) लिहू नका असं ती स्पष्ट सांगते. मी सात ठिकाणी 'सुप्रा' लिहिलं होतं, कारण पहिल्या वर्षी ब्लूबुकवर हात बसला होता. कंसाचाही नियम आहे: वर्षावरूनच खंड ओळखायचा असेल तर चौकोनी, खंडाला स्वतःचा क्रमांक असेल तर गोल. लोकांना ही किरकिर वाटते. मला नाही वाटत. कंस बघूनच वाचणाऱ्याला कळतं की कपाटातला खंड वर्षाने शोधायचा की क्रमांकाने.

पण ज्या शेऱ्याने मला दोन रात्री झोप लागू दिली नाही, तो सतराव्या क्रमांकाचा. "दुसऱ्या बाजूचं म्हणणं कुठे आहे?"

निवाडा तीन विरुद्ध दोन. विरोधात होते लॉर्ड बकमास्टर आणि लॉर्ड टॉमलिन. मी दोघांना मिळून एक वाक्य दिलं होतं. बकमास्टर यांचा आक्षेप साधारण असा, की करार नसताना उत्पादकाची जबाबदारी एक पायरी पुढे नेलीत, तर पन्नास पायऱ्या का नाही? थांबणार कुठे? बाटलीच्या बाबतीत हा आक्षेप आज जुना वाटतो. मधे दुकानदार एकटाच, आणि बाटली बंद. आता सॉफ्टवेअर घ्या. एकाने लिहिलेला कोड दुसरा आपल्या प्रोग्रामात वापरतो, तो प्रोग्राम तिसऱ्याच्या यंत्रात बसतो, चौथा त्यात बदल करतो, पाचवा अपडेट टाकायला विसरतो. इथे पन्नास पायऱ्या खरोखर आहेत. शिवाय माल निघाला तशाच रूपात ग्राहकापर्यंत पोचावा असा हेतू आहे आणि वाटेत कुणी तो तपासण्याची वाजवी शक्यता नाही, हा अ‍ॅटकिन यांच्या निष्कर्षाचा पाया. तोच इथे डळमळतो. म्हणजे माझ्या विषयावरचा सगळ्यात कामाचा उतारा हरलेल्या बाजूच्या मतात होता, आणि मी तो चाळून पुढे गेले होते. परीक्षकांनी हे काही सांगितलं नाही. फक्त प्रश्न विचारला. उत्तर मला शोधू दिलं, याबद्दल मी त्यांची मनापासून आभारी आहे.

भाषेवरचे शेरे लहान आणि अचूक होते. "हे सर्वमान्य तत्त्व आहे की" अशी सुरुवात चार ठिकाणी, चारही ठिकाणी "कुणाला मान्य?" आणि शेवटच्या पानावर, "तुमचं उत्तर नवव्या परिच्छेदात सापडलं. पहिल्यात का नाही?" मुद्दा, नियम, नियम लावणं, निष्कर्ष हा साचा आपल्याला शिकवतात, आणि त्यामुळे निष्कर्ष शेवटीच द्यायचा अशी सवय लागते. कामाच्या टेबलावर मात्र ज्याला निर्णय घ्यायचाय त्याला उत्तर आधी हवं असतं, कारणं मागून.

एआयबद्दलचा नियम मला पटला. पूर्ण बंदी नाही. कुठे वापरलंत ते वेगळ्या पानावर लिहून द्यायचं, आणि प्रत्येक संदर्भ स्वतः उघडून पाहिल्याचं सही करून सांगायचं. मी एका चॅटबॉटला सदोष सॉफ्टवेअरवरचे निवाडे विचारले होते. त्याने पाच दिले, वर्ष-खंड-पान सगळं व्यवस्थित. चार सापडले. पाचव्यासाठी दिलेल्या पानावर जहाजभाड्याचा कुठला तरी वेगळाच खटला होता. ते सही करायचं पान नसतं तर थकलेल्या रात्री मी तो पाचवा तसाच ठेवला असता, हे मला माहीत आहे. न्यूयॉर्कच्या फेडरल न्यायालयात २०२३ साली माटा विरुद्ध एव्हियांका या प्रकरणात हेच झालं. वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेले, अस्तित्वातच नसलेले निवाडे दाखल केले आणि न्यायाधीशांनी ५,००० डॉलरचा दंड लावला. विद्यार्थी असतानाच ही सवय मोडलेली बरी.

आता तक्रारी. लेख अपलोड करायचं पोर्टल शेवटच्या तासात बंद पडलं, आणि पोच मिळाली ती दुसऱ्या दिवशी दुपारी. रात्रभर जीव टांगणीला. मुदत दोन तास वाढवल्याचं नोटीसवर टाकलं, पण मेल केला नाही. दुसरी तक्रार जास्त गंभीर आहे. माझ्या एका मैत्रिणीचा लेख न तपासताच बाद झाला, कारण पीडीएफच्या गुणधर्मांत लेखक म्हणून तिचं नाव राहून गेलं होतं. पानावर कुठेही नव्हतं. नाव नको हा नियम योग्यच आहे, परीक्षकाला ओळख कळू नये. पण फाइलच्या पोटातलं नावही काढा, हे नियमावलीत एका ओळीत लिहायला काय हरकत होती? तिची दोन महिन्यांची मेहनत होती ती. तुम्ही भाग घेणार असाल तर पाठवण्याआधी गुणधर्म उघडून बघाच.

तिसरी गोष्ट, कॉपीराइटचं कलम. इथे फक्त विजेत्या लेखांचे प्रकाशन-हक्क आयोजकांकडे जातात, हे रास्त आहे. पण पाठवलेल्या प्रत्येक लेखाचे हक्क घेणाऱ्या स्पर्धाही मी पाहिल्यात. तिथे हरलात तर तो लेख तुम्हाला दुसरीकडे देताही येत नाही. ते कलम आधी वाचा, विषय नंतर.

बक्षिसाबद्दल मला विशेष बोलायचं नाही. पुस्तकं आणि प्रकाशन, ठीक आहे. वाचकाबद्दल मात्र बोलायचंय. व्हिएन्नाच्या विस मूटमध्ये, म्हणजे लॉच्या विद्यार्थ्यांच्या अभिरूप लवाद स्पर्धेत, प्रत्येक संघ आधी दावेदाराच्या बाजूने निवेदन लिहितो आणि मग दुसऱ्या एका संघाच्या निवेदनाला प्रत्युत्तर लिहितो. म्हणजे तुमचा प्रत्येक शब्द कुणीतरी खोडून काढायच्या इराद्याने वाचणार, हे लिहितानाच माहीत असतं. लेखन स्पर्धेत समोर प्रतिस्पर्धी नसतो, म्हणून ती जागा परीक्षकाने भरायला हवी. इथे ती भरली गेली.

पहिल्या वर्षाच्या मुलांनी इथे येण्याची घाई करू नये असं माझं मत आहे. एखादा निवाडा विरोधी मतांसकट पूर्ण वाचायची सवय झाली, की या. ज्यांना रेझ्युमेवर महिनाभरात एक ओळ हवीय, त्यांना इथे निराशाच येईल. निकालाला अकरा आठवडे लागले.

बाविसावा शेरा मला कळला नव्हता, म्हणून आयोजकांमार्फत विचारला. पाच दिवसांनी परीक्षकांचं उत्तर आलं, पुढे काय वाचावं त्याच्यासकट. लेख आता मी नव्याने लिहितेय, एखाद्या नियतकालिकाला पाठवण्यासाठी. काल पहिला परिच्छेद चौथ्यांदा लिहिला. उत्तर पहिल्या वाक्यात आहे, बकमास्टर दुसऱ्याच वाक्यात येतात, आणि बाटलीतली गोगलगाय आता डोनोघ्यूबाईंच्या म्हणण्याप्रमाणे आहे.