पिकअपवरचा पॉप-अप कॅम्पर : कागदावरचे वजन आणि काट्यावरचे वजन

पिकअपच्या हौद्यावर बसणारा, मुक्कामाच्या ठिकाणी छत वर उचलता येणारा कॅम्पर शेल, म्हणजे आत झोपता-राहता येईल अशी छोटी खोली, बनवून घेण्याचा ज्यांचा विचार आहे, त्यांनी इसार देण्यापूर्वी हा अनुभव वाचावा अशी कळकळीची विनंती आहे. आमची फसवणूक एकाच आकड्याच्या आडून झाली, आणि तो आकडा म्हणजे शेलचे वजन. सांगाडा, भिंती, बॅटरी, छत या प्रत्येक ठिकाणी जे बदलले गेले होते त्याची खूण त्या एका आकड्यात होती, आणि म्हणूनच शेल काट्यावर जाऊ नये यासाठी विक्रेत्याने शेवटपर्यंत खटपट केली.

पिकअपवर किती भार टाकता येतो हे निर्मात्याने ठरवून दिलेले असते. गाडीच्या कमाल अनुमत एकूण वजनातून रिकाम्या गाडीचे वजन वजा केले की उरते ती भारक्षमता, आणि तिच्यात शेल, सामान, पाणी, गॅसची टाकी यांच्याबरोबर आत बसणारी माणसेही धरावी लागतात. आमच्या गाडीची भारक्षमता ६४० किलो. विक्रेत्याने सही करून दिलेल्या तपशीलपत्रात सर्व फिटिंगसह शेलचे वजन ३२० किलो लिहिलेले होते. आम्हा दोघांचे १४५ किलो, ६० लिटर पाण्याचे ६० किलो आणि फ्रिज, अंथरूण-पांघरूण, भांडी, गॅस यांचे ७० किलो धरले तर बेरीज ५९५ येत होती. म्हणजे ४५ किलोची सवड राहत होती, आणि याच हिशेबावर आम्ही हा शेल निवडला. दुसऱ्या एका कारागिराचा शेल आम्हाला अधिक आवडला होता, परंतु त्याने प्रामाणिकपणे ४३० किलो सांगितल्यामुळे आम्ही तो सोडून दिला. खरे वजन सांगणाऱ्याचे काम जाते आणि खोटे सांगणाऱ्याला मिळते, याची खंत मला आजही वाटते.

तपशीलपत्रात वेल्डिंग केलेला ॲल्युमिनियमचा सांगाडा, आत फोम आणि दोन्ही बाजूंना फायबरग्लासचा पातळ थर असलेल्या भिंती, गॅस स्ट्रटवर (आत दाबलेल्या गॅसच्या जोरावर छत उचलून धरणाऱ्या दांड्यांवर) उचलले जाणारे छत, जाड कॅनव्हासच्या बाजू आणि २०० अँपिअर-अवरची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी यांचा स्पष्ट उल्लेख होता. कार्यशाळेत अर्धवट तयार झालेला शेल दाखवताना विक्रेत्याने खिशातून चुंबक काढून कोपऱ्याच्या पट्टीला लावून दाखवले. ते चिकटले नाही, आणि हाच ॲल्युमिनियमचा पुरावा असे त्याने सांगितले. पट्टी खरोखरच ॲल्युमिनियमची होती. फक्त ती सांगाड्याचा भाग नव्हती, वरून रिव्हेट मारून बसवलेली शोभेची पट्टी होती. या प्रात्यक्षिकाची मुद्दाम नोंद घ्यावी, कारण विक्रेता स्वतः निवडलेल्या जागी जी चाचणी करून दाखवतो ती चाचणी त्या जागेपुरतीच खरी असते. चुंबक आपले असावे आणि ते दाराच्या चौकटीच्या आतून, पलंगाखालून, छताच्या कडेच्या खालच्या बाजूने, आपल्याला हवे तिथे लावून पाहावे.

सापळा मात्र व्यवहाराच्या अटींत होता. उरलेली सर्व रक्कम शेल गाडीवर चढवण्यापूर्वी द्यायची, अशी अट करारात होती. शेल सुटा असताना त्याचे वजन करण्याची सोय कार्यशाळेत नव्हती, आणि गाडीवर चढवून काट्यावर न्यायचे तर आधी पूर्ण पैसे भरणे भाग होते. आम्ही वजनाचा आग्रह धरला तेव्हा विक्रेत्याने सही केलेल्या तपशीलपत्राकडे बोट दाखवले आणि तीच हमी असल्याचे सांगितले. काट्यावर जाईपर्यंत ग्राहकाच्या हातात देण्यासारखे काहीच शिल्लक राहू नये, अशी ती रचना होती. शिवाय बिलावर वजन किंवा साहित्य यांपैकी काहीही न लिहिता केवळ ‘नमुन्याप्रमाणे कॅम्पर शेल’ एवढाच मजकूर घातला गेला.

शेल चढवल्यावर गाडीची मागची बाजू अपेक्षेपेक्षा बरीच खाली बसली, रात्री दिव्यांचा झोत समोरच्या रस्त्याऐवजी वर जाऊ लागला, आणि वेग वाढला की सुकाणू हलके लागू लागले. पुढची चाके रस्ता नीट धरत नाहीत असे जाणवणे ही साधी तक्रार नव्हे. अशा वेळी ब्रेक आणि वळण या दोन्हींवरचा विश्वास कमी होतो. आमच्याकडे रिकाम्या गाडीची, टाकी पूर्ण भरलेली असतानाची काटापावती आधीपासून होती. पुन्हा टाकी पूर्ण भरून, आत कोणी न बसता आणि शेलमध्ये पाणी किंवा सामान न ठेवता आम्ही गाडी त्याच काट्यावर नेली. दोन पावत्यांमधील फरक ४८० किलो आला, म्हणजे लिहून दिलेल्या वजनाच्या नेमका दीडपट. मग पुढची आणि मागची चाके वेगवेगळी काट्यावर घेतली, तेव्हा शेल चढवल्यानंतर पुढच्या चाकांवरील भार आधीपेक्षा कमी झाल्याचे दिसले. याचा अर्थ शेलचा गुरुत्वमध्य मागच्या ॲक्सलच्या, म्हणजे मागच्या चाकांना जोडणाऱ्या आसाच्या, मागे पडत होता. तो ॲक्सलच्या पुढे पडला पाहिजे, हा या कामातील पहिला नियम आहे. बॅटरी, पाण्याची टाकी आणि कपाट ही तिन्ही जड कामे मागच्या दाराजवळ केली होती, कारण तिथे नळ्या आणि तारा कमी लागतात.

आमची माणसे आणि सामान धरून एकूण भार आता ७५५ किलो होत होता, म्हणजे मर्यादेपेक्षा ११५ किलो जास्त. विक्रेत्याला कळवल्यावर त्याची दोन उत्तरे आली, आणि ती इतरांनाही ऐकवली जातील म्हणून देत आहे. पहिले उत्तर असे की ही गाडी साडेतीन टन ओढू शकते, मग शे-दीडशे किलोची काळजी कशाला. ओढण्याची क्षमता आणि वाहून नेण्याची क्षमता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ट्रेलरचे बहुतेक वजन त्याच्या स्वतःच्या चाकांवर असते, तर शेलचे सगळे वजन आपल्या गाडीच्या स्प्रिंगवर, टायरवर आणि ॲक्सलवर येते. दुसरे उत्तर असे की स्प्रिंगचे जादा पाटे किंवा एअर स्प्रिंग बसवून घ्या. त्याने मागची बाजू वर उचलली जाते आणि गाडी सरळ दिसते, परंतु ॲक्सल, बेअरिंग, टायर आणि ब्रेक तेच राहतात आणि निर्मात्याने ठरवलेली मर्यादाही तीच राहते. ज्या भाराची खूण डोळ्यांना दिसत होती ती झाकण्याचाच तो सल्ला होता.

यानंतर आम्ही एका स्वतंत्र कारागिराकडून, प्रत्येक पायरीची छायाचित्रे घेत, आतील दोन फळ्या उघडून घेतल्या. सांगाडा लोखंडी चौकोनी नळीचा होता आणि त्याला चंदेरी रंग दिलेला होता. लोखंडाची घनता ॲल्युमिनियमच्या जवळजवळ तिप्पट असते, त्यामुळे तेवढ्याच मापाची नळी वापरली की वजन तिपटीच्या आसपास जाते. शिवाय लोखंड आणि ॲल्युमिनियम एकमेकांना टेकून ओलाव्यात राहिले तर ॲल्युमिनियम गंजू लागते, आणि पट्ट्यांच्या आतल्या बाजूला पांढरी भुकटी धरायला सुरुवात झालीच होती. भिंतींत फोम होता, पण केवळ खिडक्यांभोवती, जिथे कापलेली कड ग्राहकाला दिसते. उरलेल्या भागात १८ मिलिमीटरचे प्लायवूड होते. असे प्लायवूड चौरस मीटरला सुमारे १० ते १२ किलो भरते, तर २५ मिलिमीटर जाडीचा फोम एक किलोच्या आसपास. भिंती आणि छत मिळून किती चौरस मीटर होतात ते मोजले की दीडशे किलो कुठून आले हे वेगळे सांगावे लागत नाही.

छताचेही तसेच. गॅस स्ट्रट निवडले होते ते कागदावरच्या हलक्या छतासाठी, आणि बसवले होते प्लायवूडचे छत, ज्यावर पुढे सोलर पॅनेलही आले. त्यामुळे वर उचललेले छत रात्रभरात हळूहळू खाली येत असे. थंडीत गॅसचा दाब उतरतो म्हणून असे होते, असे आम्हाला सांगण्यात आले. दाब उतरतो हे खरे आहे, पण किती उतरतो ते विचारले पाहिजे. तापमान २० अंश सेल्सियसवरून शून्यावर आले तर दाब साधारण ७ टक्क्यांनी कमी होतो. योग्य ताकदीचे स्ट्रट एवढ्याने छत सोडत नाहीत, आणि आमचे छत तर उबदार रात्रीही खाली येत होते. स्ट्रटवर त्याची ताकद न्यूटनमध्ये छापलेली असते. छताचे प्रत्यक्ष वजन आणि तो आकडा यांचा मेळ लिहून मागावा, आणि छत वर असताना अडकवण्यासाठी स्वतंत्र खिळीची व्यवस्था आहे का हेही पाहावे.

बॅटरी एका बंद खोक्यात होती आणि खोक्यावर लिथियमचे लेबल होते. पूर्ण चार्ज करून काही तास तशीच ठेवल्यावर मल्टिमीटरने मोजले तेव्हा १२.७ व्होल्ट आले. लिथियम आयर्न फॉस्फेटची चार घटांची बॅटरी अशा स्थितीत साधारण १३.३ ते १३.४ व्होल्ट दाखवते, तर १२.७ हा भरलेल्या लेड-ॲसिड बॅटरीचा आकडा आहे. खोके उघडल्यावर आत १०० अँपिअर-अवरच्या दोन लेड-ॲसिड बॅटऱ्या निघाल्या. लिथियमच्या तुलनेत त्यांचे वजन दुपटीहून अधिक असते, आणि आयुष्य टिकवायचे असेल तर त्यांतली निम्मीच वीज वापरता येते. तारा तांब्याच्या नव्हत्या, वरून तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमच्या होत्या, ज्यांची वाहकता त्याच जाडीच्या तांब्याच्या सुमारे ६० ते ६५ टक्के असते. तार सुरीने खरवडली की आतला पांढरा धातू लगेच दिसतो. बॅटरीच्या धन टोकाजवळ मुख्य फ्यूज नव्हता, त्यामुळे शॉर्टसर्किट झाले असते तर प्रवाह तोडणारे मध्ये काहीच नव्हते.

सर्वांत गंभीर बाब गॅसची होती, आणि तिच्याबद्दल मी कोणत्याही सौम्य शब्दांत लिहू इच्छित नाही. सिलिंडरचा कप्पा झोपण्याच्या जागेला लागून होता, त्याच्या आतील भिंतीला फट होती, आणि बाहेर हवा जाण्याचे भोक कप्प्याच्या वरच्या भागात पाडलेले होते. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळती झाल्यास तो तळाशी साचतो, म्हणून कप्पा आतून पूर्ण बंद आणि तळाशी बाहेर उघडणारा असावा लागतो. तळाला भोक पाडले तर धूळ येते, असे कारण आम्हाला देण्यात आले. कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू रंगहीन आणि गंधहीन असतो, तरीही त्याचा इशारा देणारे यंत्र, जे तपशीलपत्रात लिहिलेले होते, बसवलेलेच नव्हते. पैशांची फसवणूक भरून निघू शकते. झोपलेल्या माणसांच्या जिवाशी असा खेळ करणाऱ्याला कारागीर म्हणणेसुद्धा मला मान्य नाही.

आम्ही दोन्ही काटापावत्या, छायाचित्रे आणि स्वतंत्र कारागिराचा लेखी अहवाल जोडून विक्रेत्याला नोटीस पाठवली आणि ग्राहक तक्रार दाखल केली. फळ्या उघडल्यामुळे हमी संपली, असा त्याने बचाव केला. परंतु काटापावतीतील वजन फळ्या उघडण्यापूर्वीचे होते, आणि त्यापुढे त्याचा बचाव टिकला नाही. तडजोडीत निम्म्याहून थोडी अधिक रक्कम परत मिळाली, शेल त्याने परत नेला, आणि काही काळाने तोच शेल, नव्या रंगात, दुसऱ्या नावाच्या जाहिरातीत पुन्हा दिसला. उजव्या बाजूच्या खिडकीची तिरकी कड मी ओळखते. त्या जाहिरातीतही वजन ३२० किलोच लिहिलेले आहे.

म्हणून आता ज्या कुणाशी व्यवहार कराल, त्याच्याशी एवढे लेखी ठरवून घ्यावे : शेलचे वजन सर्व फिटिंगसह किती आणि त्यात फार तर किती किलोंचा फरक चालेल, सांगाडा आणि भिंतींचे साहित्य काय, बॅटरीचा प्रकार कोणता, आणि रकमेचा शेवटचा मोठा हप्ता शेल गाडीवर चढवून आपण निवडलेल्या काट्यावर, पुढची-मागची चाके वेगवेगळी घेऊन, वजन झाल्यानंतरच दिला जाईल. भिंती बंद होण्यापूर्वी सांगाडा आणि तारा प्रत्यक्ष पाहण्याची एक भेटही त्यातच लिहावी. जो कारागीर या अटींवर सही करण्यास तयार होतो, त्याचा शेल शंभर किलोने जड असला तरी आधी त्याच्याशी बोलावे आणि सामानात काटकसर करून हिशेब बसतो का ते पाहावे. आम्ही ज्याला सोडून दिले होते, त्या ४३० किलोवाल्या कारागिराकडे आता त्याच अटींवर काम दिले आहे, पाण्याची टाकी निम्म्या मापाची केली आहे, सामानातही काटकसर केली आहे, आणि सिलिंडरच्या कप्प्याचे भोक तळाशी आहे.