फायनल फँटसी १२: द झोडिअ‍ॅक एज – कित्येक महिने खेळल्यावर

एकदा कथा संपवली, मग सगळ्या पात्रांना वेगळे जॉब (म्हणजे लढाईतल्या भूमिका) देऊन नव्याने सुरुवात केली, आणि तरी मन भरलेलं नाही. रोल-प्लेइंग गेम मी बरेच खेळलेय, पण सगळ्यात लाडका कोणता म्हणाल तर हाच. कारण एकच: गॅम्बिट.

गॅम्बिट म्हणजे आपल्या पात्राला आधीच लिहून दिलेला नियम. एका बाजूला अट, दुसऱ्या बाजूला कृती. साथीदाराची एचपी (जीवनशक्ती) अमुक टक्क्यांखाली गेली तर क्युअर, म्हणजे जखमा भरणारा मंत्र. लीडर (आपण स्वतः चालवतो ते पात्र) ज्याच्याशी लढतोय त्याच्यावर वार. यादी वरून खाली वाचली जाते आणि जी अट आधी जुळेल ती कृती होते. म्हणजे नियम बरोबर असून भागत नाही, क्रमही बरोबर लागतो. माझ्या चमूतल्या पेनेलोकडे व्हाइट मेजचा, म्हणजे बरं करणाऱ्या जादूगाराचा, जॉब आहे. तिच्या यादीत सगळ्यात वर पडलेल्याला उठवणं, त्याखाली विष वगैरे उतरवणं, मग जखमा भरणं, आणि अगदी तळाला ‘शत्रू अनडेड असेल तर क्युअर’, कारण अनडेडना, म्हणजे मेलेल्या पण चालत्या-फिरत्या शत्रूंना, या मंत्राने इजा होते. सांगाड्यांनी भरलेल्या भुयारात ही शेवटची ओळ सोन्यासारखी आहे. पण तीच ओळ दोन घरं वर सरकवली तर पेनेलो सगळी जादू शत्रूवर उधळत बसते आणि आपली माणसं एकेक करून आडवी होतात. बॉस (मोठा, तगडा शत्रू) हरवल्यावर आनंद होतोच, पण तो न थांबता, मेनू न उघडता, फक्त आपल्या यादीच्या जोरावर हरला तर जे वाटतं ते मला दुसऱ्या कुठल्या गेमने दिलेलं नाही.

हे सगळं २००६ च्या प्लेस्टेशन २ वरच्या मूळ गेममध्येही होतं. मग ‘द झोडिअ‍ॅक एज’ने, म्हणजे त्याच गेमच्या सुधारलेल्या नव्या आवृत्तीने (रीमास्टरने), काय केलं? माझ्या मते दोन मोठी कामं केली.

पहिलं, वेग. डाल्मास्काची वाळवंटं, गीझाची मैदानं, ओगिर-येन्साचा वाळूचा समुद्र, हे इलाके अफाट आहेत आणि मूळ गेममध्ये ते सगळे पायी तुडवताना जीव मेटाकुटीला यायचा. आता एक बटण दाबलं की दुप्पट किंवा चौपट वेग. चालणं वाचतंच, पण खरी मजा लढाईत आहे. चौपट वेगात हाताने हुकूम द्यायला वेळच उरत नाही, त्यामुळे यादी कच्ची असेल तर पाच-दहा सेकंदांत उघडी पडते. वेग कमी करा, एक ओळ बदला, पुन्हा सोडा. या गेमला ही सोय इतकी शोभते की ती मूळ गेममध्ये नव्हती हे आता खरं वाटत नाही.

दुसरं, जॉब. मूळ गेममध्ये सहाही पात्रांचा लायसन्स बोर्ड (कौशल्यं उघडत जायचा पट) एकच होता; पुढेपुढे सगळेच सगळं शिकायचे आणि कोण कोण आहे याला अर्थ उरायचा नाही. २००७ मध्ये फक्त जपानमध्ये निघालेल्या आवृत्तीने राशींवरून १२ जॉब आणले आणि हा रीमास्टर तिच्यावर उभा आहे. भर म्हणजे इथे प्रत्येकाला दोन जॉब घेता येतात. सहा जणांत बाराही जॉब बरोब्बर वाटता येतात, आणि ती वाटणी करायला मला एक अख्खी संध्याकाळ आनंदाने लागते. त्यात एस्पर (लढाईत मदतीला बोलावता येणारा बलाढ्य जीव) कोणाला द्यायचा यावर बोर्डाचे काही बंद कोपरे उघडतात, म्हणजे तिथेही विचार आला. २०१९ मध्ये स्विच आणि एक्सबॉक्स वनवर गेम आला तेव्हा जॉब बदलायची सोयही आली आणि नंतर ती प्लेस्टेशन ४ आणि पीसीलाही मिळाली. नवीन खेळाडूने त्यामुळे बिनधास्त निवड करावी.

हितोशी साकिमोतोंचं संगीत नव्याने वाद्यवृंदावर रेकॉर्ड केलंय. राबानास्त्रे शहराच्या रस्त्यांवर ते ऐकत मी नुसती भटकते. जुनं संगीत हवं असेल तर सेटिंगमध्ये तेही आहे.

खटकणाऱ्या गोष्टी आहेत. दोन साम्राज्यांच्या मध्ये चिरडलेलं डाल्मास्का, राज्य गमावलेली राजकन्या आशे, चिलखतातले जज (शत्रू साम्राज्याचे अधिकारी), अशी दमदार सुरुवात झालेली कथा उत्तरार्धात विरळ होते. मोठमोठ्या भुयारांमधून तासन्‌तास कोणी काही महत्त्वाचं बोलत नाही. खजिन्याच्या पेट्या नशिबावर अवलंबून आहेत: कधी असतात, कधी नसतात, आत काय निघेल तेही सांगता येत नाही. हे बदलायची संधी रीमास्टरने घ्यायला हवी होती.

सध्या ट्रायल मोड चालू आहे. एकामागून एक १०० लढाया, आणि शेवटच्या लढाईत पाच जज एकत्र अंगावर येतात. त्यांच्यासाठी मी गॅम्बिटचा वेगळा संच बांधतेय: चमूतल्या बाशने सगळ्यांचं लक्ष स्वतःकडे ओढून घ्यायचं, फ्रानने त्यांची संरक्षक जादू उतरवायची, आणि पेनेलोने बाशवरून नजर हलवायची नाही.