अकरा महिने वापरल्यानंतर: दवाखान्यातली संगणकीय रुग्णनोंद

केसपेपर बंद करून आमच्या दवाखान्यात संगणकावर नोंदी सुरू केल्या, त्याला आता अकरा महिने झाले. आम्ही दोन डॉक्टर, एक सिस्टर आणि रिसेप्शनवर एक जण. फायली शोधण्याचा वेळ वाचेल एवढीच माझी अपेक्षा होती. तो वाचतोच. पण या प्रणालीचं खरं मोल मला कळलं ते एका यादीमुळे, आणि ती मी तिसऱ्या महिन्यापर्यंत उघडलीसुद्धा नव्हती.

कागदावर चालणाऱ्या दवाखान्यात डॉक्टरला समोर बसलेला पेशंट दिसतो. जो आलाच नाही तो दिसत नाही, त्याची फाईल कपाटात पडून असते. एका दुपारी जरा उसंत होती म्हणून मधुमेहाच्या ज्या पेशंटचं एचबीए१सी (सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी) सहा महिन्यांत झालेलं नाही, त्यांची नावं काढली. बोटांवर मोजण्याइतकी असतील असं वाटलं होतं. यादी दुसऱ्या पानावर गेली तेव्हा पोटात गोळा आला. त्यातल्या काही जणांना मीच "छान आहे, असंच चालू ठेवा" म्हणून पाठवलं होतं, आणि सगळं ठीक आहे असं समजून त्यांनी यायचं थांबवलं होतं. ही तपासणी रक्तातल्या तांबड्या पेशींना चिकटलेली साखर मोजते, आणि त्या पेशी साधारण १२० दिवस जगतात, त्यामुळे एचबीए१सी मागच्या दोन-तीन महिन्यांचीच साखर सांगतं. वर्षापूर्वीच्या चांगल्या आकड्यावर आज विसंबून कसं चालेल?

तेव्हापासून दर सोमवारी सिस्टर ती यादी घेऊन फोनला बसतात. "रागवायला नाही हो फोन केला, तपासणी राहिलीय तेवढी आठवण करून द्यायला केला," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. बरेच जण येतात. एक बाई आल्या त्या पायाची जखम घेऊनच. दुखत नव्हती म्हणून घरीच पट्टी बांधत होत्या. मधुमेहात पायाची संवेदना जाते, त्यामुळे दुखत नाही हीच काळजीची गोष्ट असते. तो फोन गेला नसता तर काय झालं असतं, हा विचार मला अजून सोडत नाही.

दुसरी मोठी गोष्ट म्हणजे आलेख. साठीतले एक गृहस्थ, रक्तदाबाचे जुने पेशंट. त्यांचं क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम मंदावलं की रक्तात वाढणारा घटक) दोन वर्षांत ०.९, मग १.१, मग १.३ असं आलेलं. तिन्ही रिपोर्ट वेगवेगळ्या महिन्यांतले, प्रत्येक आकडा लॅबच्या 'नॉर्मल' रकान्यात बसणारा, कुठेही लाल खूण नाही. तीन कागद तीन वेळा पाहून मी तिन्ही वेळा पुढे गेलो होतो. पडद्यावर तेच तीन ठिपके एका रेषेत आले आणि चढ दिसला. मूत्रपिंडाची गाळणक्षमता, म्हणजे ईजीएफआर, साधारण ९८ वरून ६२ वर उतरली होती. विचारल्यावर कळलं, गुडघेदुखीसाठी रोज वेदनाशामक गोळी चालू होती, आम्हाला न सांगता. अशा गोळ्या मूत्रपिंडाला बाधू शकतात. ती बंद केली. पुढच्या तपासणीत १.१ आलं.

आता तक्रारी. सूचनांचा भडिमार ही सगळ्यात मोठी. दोन औषधं लिहिली की पडद्यावर चौकट, तिसरं लिहिलं की आणखी दोन. महिनाभरात बोट आपोआप 'बंद करा'कडे जायला लागलं. मग एक दिवस घशाच्या संसर्गासाठी मी अमॉक्सिसिलिन लिहिलं, ते पेनिसिलीनच्याच कुळातलं. पेनिसिलीनच्या ॲलर्जीची सूचना आली असणार, मी ती न वाचता बंद केली असणार. सिस्टर चिठ्ठी वाचून दारातून परत आल्या, "डॉक्टर, यांना पेनिसिलीन चालत नाही ना?" त्या संध्याकाळी बसून किरकोळ सूचना सगळ्या बंद केल्या, ॲलर्जी आणि औषधांच्या एकमेकांवरच्या गंभीर परिणामांच्या (आंतरक्रिया) एवढ्याच ठेवल्या. हे पहिल्याच दिवशी करा.

एकच पेशंट दोन नावांनी नोंदला जाणं हा दुसरा वैताग. आडनावाच्या स्पेलिंगमध्ये एका अक्षराचा फरक, आणि साखर एका खात्यात तर गोळ्या दुसऱ्यात. आता नोंदवताना जन्मतारीख आणि मोबाईल दोन्ही ताडून पाहतो. एककांचंही तसंच. एका पेशंटचा रिपोर्ट बाहेरून आला, साखर ७.८. आलेख एकदम तळाला गेला. तो आकडा मिलिमोलमध्ये होता, आमचे मिलिग्रॅममध्ये असतात. १८ ने गुणलं की साधारण १४०. लॅबच्या तपासण्यांना लॉइंकसारखे ठरलेले संकेतांक १९९४ पासून आहेत, पण रिपोर्ट फोटो काढून जोडला की त्यांचा काही उपयोग नाही. फोटोतला आकडा आलेखात येत नाही, यादीतही नाही. हातानेच भरावा लागतो.

पहिले दोन महिने पेशंट बोलत असायचे आणि मी टाइप करत असायचो. एक आजोबा मध्येच थांबले आणि म्हणाले, "तुमचं होऊ दे आधी." त्यानंतर टेबल फिरवलं. आता पडदा दोघांनाही दिसतो आणि मी आधी ऐकतो, मग लिहितो. याचा एक न ठरवलेला फायदा झाला, तो म्हणजे पेशंट स्वतःच्या नोंदीतली चूक दाखवतात. "ही गोळी तर मी कधीच सोडली," हे वाक्य मी आठवड्यातून एकदा तरी ऐकतो. घरी मोजलेला रक्तदाबही आता लोक लिहून आणतात. दवाखान्यात १४० वर ९० ही वाढलेल्या रक्तदाबाची रेघ, घरी १३५ वर ८५, हा फरक पडद्यावर दाखवला की लगेच पटतो. दवाखान्यातल्या एका चढलेल्या आकड्यावर गोळी वाढवणं माझ्याकडून खूप कमी झालंय.

घेण्याआधी विक्रेत्याला दोनच प्रश्न विचारा. "जे आले नाहीत त्यांची यादी काढून दाखवा," हा पहिला. आणि "उद्या आम्ही सोडून गेलो तर सगळ्या नोंदी एचएल७ च्या 'फायर' मानकात बाहेर काढून मिळतील का?" हा दुसरा. फायर म्हणजे एका प्रणालीतल्या नोंदी दुसरीला वाचता याव्यात म्हणून ठरवलेली पद्धत. आम्ही दुसरा प्रश्न विचारला नव्हता. आता विचारतोय, आणि चार आठवडे झाले तरी उत्तर आलेलं नाही.