नियम २०१४ चे ठेवावेत की २०२४ चे घ्यावेत? डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या दोन पुस्तकांविषयी

डंजन्स अँड ड्रॅगन्स या फासे टाकत, मिळून गोष्ट रचत खेळायच्या टेबलावरच्या खेळाचे नवे प्लेअर्स हँडबुक सप्टेंबर २०२४ मध्ये आले, नोव्हेंबरमध्ये डंजन मास्टर्स गाइड आले आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये मॉन्स्टर मॅन्युअल येऊन संच पूर्ण झाला. तेव्हापासून ज्यांच्या कपाटात २०१४ ची पुस्तके आहेत, त्यांच्यापुढे एकच प्रश्न आहे: आहे त्यावर भागवावे की नवा संच मागवावा? आमच्या सोलापूरच्या गटाने दोन्ही नियमांनी खेळून पाहिले आहे. जुन्या नियमांवर आमची मोहीम (सलग चालणारी एक कथा) बरीच वर्षे चालली आणि ती संपल्यावर त्याच खेळाडूंना घेऊन मी काही महिने नवे नियम चालवले. टेबल तेच, डंजन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा मी, तोच आणि जुळे सोलापुरातल्या त्याच घरातली रविवारची दुपारही तीच, त्यामुळे जो फरक जाणवला तो बहुतांशी नियमांचाच असावा, असे मी धरून चालतो. शॉर्ट रेस्ट म्हणजे काय, हे ज्यांना सांगावे लागत नाही अशांसाठी हे लिहिले आहे.

पुस्तक हातात येण्याआधीच लोकांची मने थोडी कलुषित झालेली होती, हे मान्य करावे लागेल. प्रकाशक या नियमांना सहावी आवृत्ती म्हणत नाहीत. ही पाचवीच, फक्त सुधारून घेतलेली, असे त्यांचे म्हणणे आहे. २००८ साली चौथी आवृत्ती आली तेव्हा मोठा वर्ग जुन्या नियमांना चिकटून राहिला आणि त्यातूनच पुढे पाथफाइंडर हा प्रतिस्पर्धी खेळ उभा राहिला, हे लक्षात घेता नव्या आकड्याविषयीची सावधगिरी समजण्यासारखी आहे. पण त्यापायी एकाच नावाचे दोन वेगळे नियम एकाच टेबलावर येऊन बसतात. क्युअर वूंड्स हा जखमा भरणारा स्पेल (मंत्र) जुन्या पुस्तकात आठ बाजूंच्या एका फाशाने बरे करतो, तर नव्यात दोन फाशांनी. त्यातच ऑगस्ट २०२४ मध्ये डी अँड डी बियाँड या खेळाच्या अधिकृत संकेतस्थळावर जुन्या स्पेल्सच्या जागी नवी स्पेल्स घालण्याचे जाहीर झाले, खेळाडू संतापले आणि काही दिवसांतच तो निर्णय मागे घ्यावा लागला. आमच्या गटातील निम्म्या लोकांचा नव्या पुस्तकाविषयीचा पहिला ग्रह त्याच आठवड्यात झाला होता. प्रत्यक्ष खेळताना मात्र राग आणि आनंद या दोन्हींची कारणे निराळी निघाली.

आधी नव्या पुस्तकाचे जे चांगले, ते सांगतो, कारण ते थोडे नाही. सर्वांत उपयोगी गोष्ट म्हणजे मागे जोडलेला नियमांचा कोश. आमच्या टेबलावर पुस्तक इंग्रजीत असते, नियम मी मराठीत सांगतो आणि दोघे जण त्याचा अर्थ आपापसांत तेलुगूत लावून घेतात. अशा ठिकाणी ग्रॅपल (शत्रूला धरून ठेवणे), लपणे, बेशुद्ध होणे यांचे नियम अकारविल्हे एका जागी मिळणे ही फार मोठी सोय आहे. जुन्या पुस्तकाची सूची एका नोंदीवरून दुसऱ्या नोंदीवर पाठवते आणि तिथे गेल्यावरही पान सापडेल याची खात्री नसते. खेळ थांबवून पाने उलटण्यात जाणारा वेळ नव्या पुस्तकाने खरोखर कमी केला.

थकव्याचा नियमही सुधारला आहे. जुन्या नियमांत थकव्याच्या सहा पायऱ्या आणि प्रत्येक पायरीची शिक्षा वेगळी. ती मला कधीच पाठ झाली नाही. नव्यात पायऱ्या सहाच, पण प्रत्येक पायरीमागे वीस बाजूंच्या फाशावर दोन वजा आणि वेग पाच फुटांनी कमी, इतकेच. (मे महिन्यात सोलापुरात दुपारी खेळणाऱ्यांना या नियमाचे प्रात्यक्षिक वेगळे द्यावे लागत नाही.) औषधाची कुपी पिण्यासाठी आता पाळीतली पूर्ण ॲक्शन (मुख्य कृती) न जाता बोनस ॲक्शन (छोटी जोडकृती) पुरते, आणि अचानक हल्ला झाला तर पहिली पाळीच बुडण्याऐवजी फक्त इनिशिएटिव्हवर, म्हणजे पाळ्यांचा क्रम ठरवणाऱ्या फाशावर, डिसॲडव्हांटेज (दोनदा टाकून लहान आकडा धरणे) येतो. जुन्या नियमात दबा धरून बसलेल्या गॉब्लिनांमुळे एखादा नवखा खेळाडू पहिली फेरीभर हात बांधून बसायचा. तो प्रकार संपला, हे चांगले झाले.

कोणाला काय वाटेल, हे बऱ्याच अंशी त्याच्या पात्राच्या वर्गावर, म्हणजे योद्धा, जादूगार अशा पेशावर, अवलंबून आहे. आमच्याकडे मंक (हातापायांनी लढणारा संन्यासी) खेळणारा फार्मसीचा विद्यार्थी नव्या पुस्तकावर इतका खूश आहे की त्याला जुन्यावर परत यायला सांगणे मला जड गेले. याउलट पॅलाडिन (व्रतस्थ योद्धा) खेळणारे आमचे वकील पहिल्याच लढाईत नाराज झाले. जुन्या नियमात वार लागल्यावर, फासे बघून, मग स्माइट (वाराला जोडायचा दैवी तडाखा) लावायचा की नाही हे ठरवता येत असे आणि एका पाळीत दोनदाही लावता येत असे. नव्यातही ठरवायचे वार लागल्यावरच, पण तो स्पेल झाला, त्याला बोनस ॲक्शन लागते आणि पाळीत एकदाच होतो. समतोलाच्या दृष्टीने हे बरोबर असेलही. पण उभे राहून एकाच पाळीत दोन-दोन स्लॉट (मंत्रांचा मोजका साठा) ओतण्यात जी मजा होती ती गेली, हे वकिलांचे म्हणणे मला खोडून काढता आले नाही.

पार्श्वभूमीच्या बाबतीत मी थोडा जुन्या बाजूचा आहे. जुन्या पुस्तकातील फोक हीरोला खेड्यातले लोक आसरा देतात. आकड्यांच्या भाषेत हा लाभ शून्य, पण त्याच्या जोरावर आमच्या मोहिमेचे पूर्ण एक प्रकरण उभे राहिले होते. नव्या पुस्तकात असे लाभ काढून त्या जागी फीट (एक खास कौशल्य) दिले आहे, आणि पूर्वी वंशाला जोडलेली क्षमतांची वाढ आता पार्श्वभूमीला जोडली आहे. त्यामुळे एकाला लेखनिक म्हणून आयुष्य काढलेला बार्बेरियन करायचा होता, तर स्क्राइबमध्ये ताकदीची वाढच नाही. अर्थात पूर्वी हीच अडवणूक वंशाच्या बाजूने होत असे, तेव्हा जाच नवा नाही, फक्त त्याचे घर बदलले आहे. स्वतःची पार्श्वभूमी घडवण्याची वाट डंजन मास्टर्स गाइडमध्ये आहे, पण त्यासाठी दुसरे पुस्तक घ्यावे लागते.

एवढ्यावर हिशेब थांबला असता तर मी कदाचित नव्या पुस्तकाचीच शिफारस केली असती. माझ्यापुरता निर्णय झाला तो वेपन मास्टरीमुळे.

कल्पना ऐकायला उत्तम आहे. फायटर, बार्बेरियन, पॅलाडिन, रेंजर आणि रोग यांना शस्त्रागणिक एक खास परिणाम मिळतो: लाँगस्वोर्ड लागला की शत्रूच्या पुढच्या वारावर डिसॲडव्हांटेज, रेपियर लागला की त्याच शत्रूवर आपल्या पुढच्या वाराला ॲडव्हांटेज (दोनदा टाकून मोठा आकडा धरणे), लाँगबो लागला की शत्रूचा वेग दहा फुटांनी कमी, आणि घण लागला की शत्रूने कॉन्स्टिट्यूशन सेव्ह (काटकपणावर फासा टाकून बचाव) करायचा, चुकला तर तो आडवा. वर्षानुवर्षे ‘मी वार करतो’ याखेरीज काही न म्हणू शकलेल्या फायटरला अखेर काहीतरी मिळाले, म्हणून सुरुवातीला सगळे हरखले होते, मीही.

मग आमचा घणवाला पाचव्या पातळीवर गेला. पाळीत दोन वार, ॲक्शन सर्ज (एक जादा ॲक्शन) काढली तर चार. प्रत्येक लागलेल्या वारामागे मी फासा उचलायचा, पंधराशी ताडून बघायचा आणि निकाल सांगायचा. नियमात सेव्ह ‘करायला लावता येतो’ असेच आहे, लावलाच पाहिजे असे नाही. पण फुकट मिळालेले कोण सोडतो? शत्रू आडवा झाला की जवळच्यांना ॲडव्हांटेज मिळतो, मात्र लांबून बाण मारणाऱ्याला डिसॲडव्हांटेज. त्यामुळे आमची रेंजर, जी घणवाल्याची सख्खी बहीण आहे, दर फेरीला ‘दादा, माझी पाळी होईपर्यंत त्याला पाडू नको ना’ असे विनवायची, आणि दादा दर फेरीला पाडायचा.

सेव्हचा त्रास एकवेळ सोसला असता. खरा वैताग लक्षात ठेवण्याचा होता. लाँगस्वोर्डचा परिणाम मारणाऱ्याची पुढची पाळी सुरू होईपर्यंत टिकतो, रेपियरचा मात्र पुढची पाळी संपेपर्यंत. बाणाने मंदावलेला शत्रू पुन्हा बाणवालीच्या पाळीच्या सुरुवातीला मोकळा होतो. समोर सहा ऑर्क असले की कोणावर कोणाचे काय लागू आहे आणि ते कधी उतरते, याची नोंद ठेवायची कोणी? मी ऑर्कांच्या मूर्तींशेजारी शेंगदाणे मांडू लागलो: अख्खा दाणा म्हणजे वारावर डिसॲडव्हांटेज, अर्धी पाकळी म्हणजे मंद वेग, सालासकट म्हणजे रेपियरवाल्याने हेरलेला. दुसऱ्या फेरीपर्यंत कोणीतरी बोलता बोलता दोन ऑर्क मोकळे करून टाकलेले असत. मग काड्यापेटीतल्या काड्या आणल्या, रंगीत टिकल्याही लावून पाहिल्या. खुणा टिकल्या, पण खेळ वर्णनाकडून हिशेबाकडे सरकला तो सरकलाच. पूर्वी जेवढ्या वेळात दोन लढाया आणि सराईतली एक लांबलचक वाटाघाट व्हायची, तेवढ्यात एक लढाई जेमतेम संपू लागली. घड्याळ लावून मी मोजलेले नाही. पण संध्याकाळी उठताना ‘आज कथा पुढे गेलीच नाही’ हे वाक्य वारंवार ऐकू येऊ लागले, आणि मला तेवढे मोजमाप पुरले.

विशेष म्हणजे नव्या मॉन्स्टर मॅन्युअलने स्वतःच्या बाजूला हाच त्रास ओळखून कमी केला आहे. जुना लांडगा चावला की खेळाडूला स्ट्रेंग्थ सेव्ह करावा लागे. नवा लांडगा चावला की मध्यम किंवा लहान आकाराचे पात्र सरळ आडवेच होते, फासा नाही. राक्षसांच्या बाजूचे फासे कमी करणाऱ्यांनी खेळाडूंच्या बाजूला ते का वाढवले, हे मला उमगलेले नाही.

जुन्या पुस्तकातही शत्रूला पाडता येत होते. बॅटल मास्टर या पोटप्रकारातल्या फायटरला ट्रिप अटॅक (शत्रूला पाडणारा वार) होता आणि तिथेही सेव्ह होताच. पण त्यासाठी मोजके फासे खर्च करावे लागत, तिसऱ्या पातळीला चार, आणि ते संपले की शॉर्ट रेस्टपर्यंत, म्हणजे पात्रांच्या छोट्या विश्रांतीपर्यंत, थांबणे आले. त्यामुळे कोणाला पाडायचे आणि कधी, हा निर्णय असायचा. टेबलावरचे सगळे त्या क्षणी पुढे सरसावून बसायचे. नव्या नियमात पाडणे फुकट झाले आणि त्याचबरोबर त्याचे अप्रूप गेले. आमचा घणवाला आता जुन्या नियमांत बॅटल मास्टर आहे. त्याने कुरकुर केली, पण त्याच्या बहिणीने केली नाही.

ही एका टेबलाची गोष्ट आहे, हे मी विसरत नाही. जे संगणकावर, आपोआप खुणा ठेवणाऱ्या नकाशावर खेळतात, त्यांना माझे शेंगदाण्यांचे दुखणे बहुधा जाणवणारही नाही. ज्यांच्या गटात तीनच खेळाडू आहेत, किंवा ज्यांना लढाई हाच खेळाचा गाभा वाटतो, त्यांना वेपन मास्टरी आवडेल, आणि त्यांनी ती सोडावी असे मी सुचवणार नाही. अगदी नव्याने सुरुवात करणाऱ्यांनीही, एकही पुस्तक नसेल तर, नवेच घ्यावे हे बरे. मांडणी स्वच्छ आहे, पात्र कसे घडवायचे ते क्रमाने सांगितले आहे आणि यापुढे जे प्रसिद्ध होईल ते याच नियमांना धरून असेल.

पण ज्यांच्याकडे जुना संच आहे आणि पाच-सहा जण एका टेबलाभोवती बसून खेळतात, त्यांनी घाई करू नये, असे मला वाटते. सोलापुरात ही पुस्तके दुकानात मांडलेली मला आढळलेली नाहीत. ऑनलाइन मागवायची तर आयात पुस्तकांची किंमत तीनदा मोजायची. त्याआधी दोन्ही काळांचे मूलभूत नियम क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली मोफत उपलब्ध आहेत: जुन्यांचे जानेवारी २०२३ पासून, नव्यांचे २०२५ पासून. त्यात वर्गागणिक एकच सबक्लास (पोटप्रकार) आहे, पण तुलना करण्यास तेवढे पुष्कळ झाले. नव्यांची प्रत कॉलेजजवळच्या झेरॉक्सवाल्याकडून स्पायरल करून घ्यावी आणि एखादी छोटी, सुटी मोहीम त्यावर चालवून पाहावी. चालू मोहिमेत मधूनच नियम बदलू नयेत. दोन्ही पुस्तके एकत्र चालतात असे म्हटले जाते आणि साहसकथांच्या बाबतीत ते खरेही आहे, पण पात्रांच्या बाबतीत प्रत्येक स्पेलमागे ‘कुठल्या पुस्तकातला?’ हा प्रश्न उभा राहतो.

आम्ही सध्या २०१४ च्या नियमांवर खेळतो आणि नव्यातून मोजकेच उचलले आहे: थकवा, बोनस ॲक्शनमध्ये औषध, अचानक हल्ल्याचा नियम आणि बरे करणाऱ्या स्पेल्सचे वाढीव फासे. मंकला त्याचा नवा वर्ग जसाच्या तसा खेळू दिला आहे, त्याने काही बिघडले नाही. कोशाची स्पायरल प्रत टेबलावर असते, फक्त जिथे दोन पुस्तकांत फरक आहे तिथे पेन्सिलीने फुली मारून ठेवली आहे. आणि तुमच्या गटात पॅलाडिन असेल, तर नवा संच मागवण्याआधी स्माइटचे ते एक पान त्या खेळाडूला वाचायला द्यावे. उरलेली चर्चा त्यानंतर करावी.