राजस्थान रोड ट्रिप, गाडी + प्लॅनिंग सर्व्हिस (राजारामपुरी, कोल्हापूर)

दिवाळीनंतर फॅमिली घेऊन राजस्थान करायचं असंल तर यांचं प्लॅनिंग नाद खुळा आहे, बिलाचं मात्र नंतर सांगतो. हायवे सोपाच, आपला ४८ नंबरच पुणे मुंबई अहमदाबाद करत थेट उदयपूरला जातोय. पण यांनी जाताना आधी माउंट अबू, मग जोधपूर, जैसलमेर आणि येताना रणकपूर, कुंभलगड, उदयपूर असं फिरवून आणलं, त्यामुळं आला तोच रस्ता परत नाही आणि पोरं कंटाळली नाहीत. प्रत्येक दिवसाचा एक कागद मराठीत लिहून दिलेला, त्यात रणकपूरचं मंदिर पर्यटकांना दुपारी १२ नंतरच उघडतं हे लाल पेनानं अंडरलाईन, नाहीतर सकाळी जाऊन बाहेर बसलो असतो. माउंट अबूचं गुरुशिखर १७२२ मीटर उंच, वर वारं लई, आईला कानटोपी घालायला लावली. जैसलमेरजवळ सम म्हणून वाळूच्या टेकड्या आहेत, तिथं दुपारी टीशर्ट आणि रात्री दोन रजया, वाळू लगेच गार पडते बघा. जेवण गोडसर, कांदा-लसूण चटणी इथनंच न्या, आबांनी दालबाटीबरोबर पण तीच खाल्ली.

आता बिल. दुसऱ्या राज्याचा परमिट टॅक्स आणि ड्रायव्हरचा नाईट भत्ता कोटेशनमध्ये नव्हता, शेवटी लावला, विचारलं तर "सगळेच घेतात की दादा". घ्या ना, पण आधी सांगा. ड्रायव्हर मामा एक नंबर, घाटात ओव्हरटेक नाही. साडेतीन स्टार, कोटेशन व्हॉट्सअपवर लिहूनच घ्या.