फ्रिगेट आणि डेबियन: टॉवेलच्या कारखान्यात आठ महिने वापरून

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टॉवेलचा छोटा कारखाना आहे, सोळा लूम, वर ऑफिस, मागं गोडाऊन, आणि आठ आयपी कॅमेरे जे डीव्हीआरच्या डब्यावर नाही तर कॉम्प्युटरवर रेकॉर्ड होतात. मागच्या मे महिन्यापासून त्या कॉम्प्युटरवर डेबियन १२ (विंडोजसारखीच, पण लिनक्समधली ऑपरेटिंग सिस्टीम) आणि फ्रिगेट (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करून चित्रात काय दिसतंय ते ओळखणारं सॉफ्टवेअर) चालू आहे. हा रिव्ह्यू फ्रिगेटचा आहे, पण त्याच्या आधी काय काय सोसलं ते सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही, कारण माझा निम्मा त्रास सॉफ्टवेअरचा नव्हताच.

आधी त्याच मशीनवर विंडोज १० होती. ज्यांनी कॅमेरे बसवले त्यांचं नाव घेत नाही, पण काहीही झालं की त्यांचं एकच उत्तर, विंडोज खराब झाली, फॉरमॅट मारावं लागेल. एका वर्षात तीनदा फॉरमॅट मारलं, प्रत्येक वेळी पैसे घेतले, आणि प्रत्येक वेळी दहा-पंधरा दिवसांत परत तेच, कॅमेरा गायब, रेकॉर्डिंगमध्ये मधेच खड्डा, टाईम मागं. मलाही पटलं होतं की विंडोजचाच दोष आहे, म्हणून लिनक्सवर जायचं ठरवलं. लिनक्स टाकलं, फ्रिगेट चालू केलं, आणि संध्याकाळी सातला पाच नंबरचा कॅमेरा परत गेला.

पाच नंबर म्हणजे गोडाऊनच्या मागच्या गेटवरचा. मी लॉग बघत बसलो, कनेक्शन टाईमआउट एवढंच दिसायचं. आमचे वॉचमन मामा शेजारी उभे होते, ते म्हणाले, "मालक, ह्यो दिवसा कधी जात न्हाई बघा, अंधार पडला की जातो." एवढी मोठी खूण आणि कुणी लक्षच दिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी कॅमेरा खाली काढला, पीओई स्विचला (नेटवर्कच्या वायरीतूनच कॅमेऱ्याला वीज देणारा डबा) दोन मीटरच्या वायरनं थेट जोडला आणि वर टॉवेल टाकून अंधार केला, नाईट व्हिजनचे लाल (आयआर) दिवे लागले आणि कॅमेरा दोन तास हलला नाही. म्हणजे कॅमेरा चांगला, दोष मधल्या वायरीत. वायरचं टोक कापून आतली तार ब्लेडनं खरवडली तर वरून तांब्याचा रंग आणि आतून पांढरी! ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. अशा वायरचा रेझिस्टन्स जास्त असतो, लांबी वाढली की व्होल्टेज पडतं, आणि रात्री आयआर दिवे लागले की कॅमेरा जास्त करंट ओढतो, तेव्हा ते पडलेलं व्होल्टेज पुरत नाही, कॅमेरा बंद होतो, परत चालू होतो, परत दिवे लागतात, परत बंद. आमच्याकडं ती लाईन सत्तर मीटरच्या आसपास आहे. शुद्ध तांब्याची कॅट सिक्स (नेटवर्कची वायर) ओढली, त्या दिवसापासून पाच नंबर एकदाही गेला नाही. बिलावर 'कॅट सिक्स' लिहिलेलं होतं, तांबं का ॲल्युमिनियम ते कुठंच नव्हतं, तेव्हा वायर घेताना दुकानातच टोक खरवडून बघा, दुकानदाराला राग आला तर येऊ दे.

दुसरी गोष्ट लूमवाल्यांसाठी खास. मे महिन्यातलं सोलापूर, वर पत्रा, ऑफिसात कूलर असूनही दुपारी बसवत नाही, आणि कॉम्प्युटर टेबलाखाली. व्हिडीओ अडकायला लागला, सॉफ्टवेअर स्लो. कॅबिनेट उघडलं तर प्रोसेसरच्या हीटसिंकवर तूस बसून बसून अक्षरशः कापडाचा तुकडा तयार झालेला, बोटानं उचलला तर अख्खा निघाला, आमच्याच टेरी टॉवेलसारखा मऊ. फॅन फिरत होता पण हवा जायला जागाच नव्हती. प्रोसेसर नव्वद डिग्रीच्या वर जात होता, आणि इतका तापला की तो स्वतःचा वेग कमी करतो, मग आठ कॅमेऱ्यांचं काम कसं उरकणार. साफ केलं, नवीन थर्मल पेस्ट लावली, मशीन टेबलाखालून वर भिंतीतल्या कपाटात हलवलं आणि हवा आत येते तिथं साधी जाळी लावली, आता दुपारीसुद्धा पासष्टच्या आसपास असतं. दर महिन्याच्या पहिल्या सुट्टीला जाळी धुतो. हे काम कुठलीच ऑपरेटिंग सिस्टीम करून देणार नाही.

मग डिस्क. आतमध्ये साधी घरगुती कॉम्प्युटरची ४ टीबी डिस्क होती, एसएमआर प्रकारातली, म्हणजे जिच्यात ट्रॅक एकावर एक चढवलेले असतात, कौलांसारखे. फाईली ठेवायला ती चालते पण चोवीस तास लिहीत राहिलं की मधेच तिला जुनं परत लिहावं लागतं आणि वेग पडतो, रेकॉर्डिंगमधले खड्डे तिथून येत होते. स्मार्टचा (डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते त्याचा) रिपोर्ट काढला तर पेंडिंग सेक्टर, म्हणजे नीट वाचता न येणाऱ्या जागा, पण दिसायला लागलेले. ती बाजूला काढली आणि सीसीटीव्हीसाठीच बनवलेली सीएमआर डिस्क टाकली, जिच्यात ट्रॅक एकावर एक चढवलेले नसतात. डिस्क किती घ्यायची ह्याचा हिशोब सोपा आहे, ४ एमबीपीएसचा (सेकंदाला ४ मेगाबिट डेटा पाठवणारा) एक कॅमेरा दिवसाला साधारण ४३ जीबी खातो. आमचे लूमवरचे पाच कॅमेरे २ वर ठेवले, गेट आणि गोडाऊनचे तीन ४ वर, रोजचे २३८ जीबीच्या आत होतात, म्हणून १४ दिवस ठेवतो आणि ४ टीबीत थोडी जागा मोकळी राहते.

घड्याळाचं तर मला सगळ्यात जास्त लागलं. एकदा टेम्पोत गठ्ठा कमी भरला म्हणून पार्टीशी वाद झाला, गेटपासवरच्या वेळेपेक्षा फुटेजवरची वेळ अकरा मिनिटं मागं. पोरानं गठ्ठा बरोबर भरला होता हे फुटेजमध्ये दिसत होतं, पण वेळच जुळेना म्हणून पार्टी मान्य करेना, आणि त्या पोरावर चार दिवस संशय राहिला. मदरबोर्डचा सेल संपलेला, लाईट गेली की घड्याळ मागं पडायचं, आणि कॅमेऱ्यांची घड्याळं त्यांच्या मनानं वेगळीच. आता सेल बदलला, मशीनवर क्रोनी (घड्याळ बरोबर ठेवणारं सॉफ्टवेअर) टाकलं, आणि आठही कॅमेऱ्यांना टाईम सर्व्हर म्हणून ह्याच मशीनचा आयपी दिला, त्यामुळं कॅमेऱ्यांना इंटरनेट द्यायचीही गरज नाही. एक लक्षात ठेवा, चित्रावर छापलेली वेळ कॅमेऱ्याची असते आणि फ्रिगेटच्या टाईमलाईनवरची मशीनची, दोन्ही जुळतात का ते आठवड्याला एकदा नजरेखालून घाला. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे आणि फुटेज कोर्टात द्यायचं तर कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, त्यात फाईलची हॅश व्हॅल्यू (फाईलवरून काढलेला आकडा, फाईल जराही बदलली की तो बदलतो) पण भरावी लागते. तेव्हा क्लिप एक्सपोर्ट केली की लगेच हॅश काढून लिहून ठेवायची आणि मूळ फाईलीला हात लावायचा नाही.

हे सगळं झाल्यावर खरं म्हणजे विंडोजवर पण सिस्टीम व्यवस्थित चालली असती, हे मी मोकळेपणानं सांगतो. मग लिनक्स का ठेवलं? आमचं मशीन आय ५ सहावी जनरेशन, १६ जीबी रॅम. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ ला इंटेलची आठवी जनरेशन आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं, म्हणजे चांगलं चालणारं मशीन फेकून नवीन घ्या. ते मला मंजूर नव्हतं. पण ज्यांचं मशीन नवीन आहे आणि घरात किंवा ऑफिसात सगळ्यांना विंडोजच येते त्यांनी उगाच लिनक्सच्या मागं लागू नये. ब्ल्यू आयरिस नावाचं असंच कॅमेऱ्यांचं सॉफ्टवेअर विंडोजवरच चालतं, लायसन्स विकत घ्यावं लागतं, ६४ कॅमेऱ्यांपर्यंत घेतं, सगळं माऊसनं करता येतं. फक्त अपडेटनंतरच्या रिस्टार्टची वेळ स्वतः ठरवा आणि मशीन स्लीपला जाऊ देऊ नका, आमच्याकडं बसवणाऱ्यानं ह्यातलं काहीच सेट केलं नव्हतं. एजंट डीव्हीआर दोन्हीकडं चालतं, तेही दोन दिवस बघितलं, वाईट नाही. झोनमाइंडर लिनक्सवरचं जुनं नाव, पण मला त्यात रमता आलं नाही.

मला फ्रिगेटच का आवडलं तर लूममुळं. लूम चालू असलं की चित्रात सतत हालचाल, त्यामुळं मोशनवर अलर्ट ठेवला की फोन दिवसभर वाजत राहतो, आणि रात्री आयआरच्या उजेडात किडे आणि तूस उडते त्याचे वेगळे अलर्ट. आधी मी नोटिफिकेशनच बंद केलं होतं, म्हणजे कॅमेरे असून नसल्यासारखे. फ्रिगेट हालचाल दिसली की पुढं बघतं की हा माणूस आहे का, गाडी आहे का, कुत्रं आहे का, आणि आपण सांगितलेल्या झोनमध्ये माणूस आला तरच कळवतं. लूमवर आणि कोपऱ्यातल्या तारीख-वेळेवर मास्क मारला, आता रात्री दहानंतर गोडाऊनच्या झोनमध्ये माणूस दिसला तरच फोन वाजतो. त्यासाठी महागडं ग्राफिक्स कार्ड घेतलं नाही, इंटेल सहाव्या जनरेशनपासूनच्या प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सवर ओपनविनोनं (इंटेलचं सॉफ्टवेअर) डिटेक्शन, म्हणजे ही ओळखपरेड, चालतं, आणि डिटेक्शनला कॅमेऱ्याची छोटी सबस्ट्रीम (कमी रिझोल्यूशनचं दुसरं चित्र) सेकंदाला ५ फ्रेमवर दिलीय, रेकॉर्डिंग मात्र मोठ्या स्ट्रीमचं जसंच्या तसं डिस्कवर जातं, परत एन्कोड होत नाही, त्यामुळं प्रोसेसरवर भार कमी.

सोपं आहे का? नाही. सेटिंग बरीचशी एका टेक्स्ट फाईलमध्ये लिहायची असते, वायएएमएलमध्ये, आणि त्यात एक स्पेस मागं-पुढं झाली तरी चालू होत नाही. फ्रिगेट ज्याच्या आत चालतं ते डॉकर काय असतं ते शिकायला मला दोन रविवार लागले. सुरुवातीला बस एरर येऊन मधेच बंद पडायचं, ती शेअर्ड मेमरी कमी पडत होती, डॉकर ती फक्त ६४ एमबी देतो, आठ कॅमेऱ्यांना मी २५६ दिली आणि थांबलं. क्लिप तुकड्या-तुकड्यात दिसत असतील तर कॅमेऱ्यातलं प्लसवालं स्मार्ट कोडेक (एच २६४+ सारखं, जागा वाचवणारं) बंद करा आणि आय-फ्रेमचा (पूर्ण चित्र असलेल्या फ्रेमचा) आकडा फ्रेम रेटएवढा ठेवा. एच २६५ (व्हिडीओ दाबून छोटा करायची नवीन पद्धत) सगळ्या ब्राउझरमध्ये दिसेलच असं नाही, म्हणून ऑफिसात वहिनी ज्या कॅमेऱ्यांवर बघतात ते मी एच २६४ वर ठेवलेत.

लाईट जाण्याबद्दल वेगळं सांगतो, कारण आपल्याकडं ती जाणारच. बायोसमध्ये वीज परत आल्यावर मशीन आपोआप चालू व्हायची सेटिंग असते ती ऑन करा, नाहीतर रविवारी लाईट गेली तर सोमवारी सकाळपर्यंत सगळं बंद. यूपीएसवर स्विच आणि मशीन दोन्ही घ्या, नुसतं मशीन घेतलं तर कॅमेरे बंदच राहतात. जुलैत एकदा लाईट आल्यावर मोठी डिस्क माउंट झाली नाही (म्हणजे सिस्टीमला जोडली गेली नाही), तरी फ्रिगेट चालू झालं आणि रेकॉर्डिंग छोट्या एसएसडीवर जायला लागलं, ती काही तासांत भरली आणि सगळंच ठप्प. बाहेरून बघितलं तर पडदा चालू आणि पाठीमागं काहीच साठत नाही. ही चूक माझ्या सेटिंगची होती. आता डिस्क माउंट असेल तरच डॉकर सुरू होतो असं लिहून ठेवलंय.

बाहेरून मोबाईलवर बघायला राउटरवर पोर्ट उघडू नका. फ्रिगेटचं ५००० नंबरचं पोर्ट पासवर्डच मागत नाही, ते आतल्यासाठी असतं, ८९७१ वर लॉगिन लागतं, पण तेही मी उघडलं नाही. टेलस्केल (आपलीच मशीन आणि फोन इंटरनेटवरून सुरक्षित जोडणारं ॲप) टाकलं, माझ्या, भावाच्या आणि वहिनींच्या फोनवर, आणि ब्रॉडबँडला पब्लिक आयपी नसला तरी चालतं.

रेटिंग द्यायचं तर पाचपैकी चार, एक कमी ते शिकायला लागणाऱ्या वेळेसाठी. सॉफ्टवेअर फुकट आहे, ओपन सोर्स, माझा खर्च झाला तो वायर, डिस्क आणि सेलवर. ज्याला बसवायचंय त्याला एमआयडीसीत येऊन बघायचं असेल तर चालू स्थितीत दाखवीन, वॉचमन मामांना पण विचारा, आता तेच मला सांगतात कुठल्या कॅमेऱ्यासमोर कोळ्यानं जाळं केलंय ते.

गड्ड्याच्या यात्रेला (सोलापूरची जानेवारीतली सिद्धेश्वर यात्रा) कारखाना दोन दिवस बंद होता. घरी आल्यावर फोनवर उघडून बघितलं, आठच्या आठ कॅमेरे चालू, डिस्क ८४ टक्के, प्रोसेसर ५२ डिग्री, आणि दोन रात्रींत पाच नंबरवर एकच नोंद, पहाटे २:१० ला गेटपाशी एक कुत्रं.