डाविंची रिझॉल्व्ह (फुकटवालं): उरलेल्या फुटेजमधून दुसरी सायकल फिल्म काढायची असेल तर

हे व्हिडिओ एडिटिंगचं सॉफ्टवेअर मी कशासाठी वापरलं ते आधी सांगतो. आम्ही मित्रमित्रांनी मिळून माउंटन बाइकवर फिल्म केली, सगळं शूटिंग खुलताबाद, सुलीभंजन, म्हैसमाळच्या डोंगरात, पैसे आपापल्या खिशातले, प्रोड्युसर वगैरे कोणी नाही. ती झाली, लोकांनी बघितली, आवडली पण. आता जे फुटेज तिच्यात घेतलंच नव्हतं त्यातून दुसरी फिल्म काढलीय आणि हा रिव्ह्यू त्या दुसऱ्या कामाचा आहे. पहिली फिल्म कशातही एडिट होते हो, पण पडून राहिलेलं फुटेज चाळायचं म्हणलं की सॉफ्टवेअरची खरी किंमत कळते.

तर डाविंची रिझॉल्व्ह. ही मूळची कलर ग्रेडिंगची, म्हणजे फिल्मचे रंग जुळवायची, लई महागडी सिस्टीम, मोठ्या स्टुडिओंनाच परवडायची. २००९ मधे ऑस्ट्रेलियाच्या ब्लॅकमॅजिक डिझाइननं ती बनवणारी कंपनी घेतली आणि २०११ पासून फुकट आवृत्ती द्यायला सुरुवात केली. नंतर साउंडसाठी फेअरलाइट, इफेक्टसाठी फ्यूजन हे पण त्यातच आलं. फुकटवाल्यात फोर के, म्हणजे ३८४० बाय २१६०, सेकंदाला ६० फ्रेमपर्यंत एक्स्पोर्ट होतं आणि वॉटरमार्क येत नाही (पैसेवाला इफेक्ट लावून बघितला तरच येतो). आपल्यासारख्याला याच्या पुढं काय पाहिजे.

आता मुख्य गोष्ट. मीडिया पूलमधे (आत घेतलेल्या सगळ्या फायली असतात तिथं) लिस्ट व्ह्यू लावला की युसेज नावाचा कॉलम दाखवता येतो, कुठला क्लिप टाइमलाइनवर (जिथं तुकडे ओळीनं लावून फिल्म जुळवतात) किती वेळा वापरलाय ते तिथं दिसतं. त्यावर सॉर्ट करा, शून्यवाले सगळे एका जागी येतात. एवढ्या एका गोष्टीनं निम्मं काम हलकं झालं माझं. ॲक्शन कॅमेऱ्याच्या फायलींचा वैताग ज्यांना माहितेय त्यांच्यासाठी अजून एक, गोप्रो मोठा शॉट स्वतःच तुकड्यात लिहितो आणि नावात आधी तुकड्याचा नंबर आणि मग शॉटचा नंबर टाकतो, त्यामुळं नावानं लावलं की सगळ्या शॉटचे पहिले तुकडे वर आणि दुसरे तुकडे कुठं तरी खाली पार! सर्चमधे नावातले शेवटचे चार आकडे टाका, एका शॉटचे सगळे तुकडे समोर येतात.

मग मी काय केलं, न वापरलेलं सगळंच्या सगळं एका लांबलचक टाइमलाइनवर टाकलं, बघत गेलो आणि जो तुकडा जीवाला लागला तो कापून वरच्या ट्रॅकवर उचलून ठेवला. खाली कचरा, वर माल. नंतर त्या टाइमलाइनलाच सोर्ससारखं उघडून तिथून नवीन फिल्मच्या टाइमलाइनवर तुकडे घेता येतात, दोन्ही टाइमलाइन एकाखाली एक लावून. ही सोय मला सगळ्यात जास्त आवडली.

आणि त्यात सापडलं काय ते ऐका. पहिल्या फिल्ममधे जवळजवळ सगळं हेल्मेट आणि छातीवरच्या कॅमेऱ्याचं, वेग भारी दिसतो, पण त्या वाइड लेन्समधे चढउतार पार सपाट होतात, जिथं आमचे ब्रेक जळायची पाळी आली तिथं बघणाऱ्याला साधा रस्ता वाटतो. ट्रायपॉडवरचं फुटेज मात्र पडून होतं आणि डोंगर खरा त्यातच दिसतोय. सुलीभंजनकडचा एक शॉट आहे, आमचा पोरगा धाडधाड खाली उतरून फ्रेमच्या बाहेर जातो, पहिल्या फिल्मचा कट तिथंच होता. कॅमेरा तसाच चालू राहिलेला. धूळ खाली बसते. मग एक म्हातारे बाबा येतात, सायकलच्या चाकानं बांधावरचा एक दगड खाली घरंगळलेला, तो उचलतात, दोनदा फिरवून बघतात, बरोबर त्याच्या खाचेत बसवतात, वरून पायानं दाबतात आणि निघून जातात. कॅमेऱ्याकडं बघत पण नाहीत. नवीन फिल्म तिथून सुरू होते. सायकलवाला निघून गेल्यावर त्या वाटेवर काय होतं, ती वाट कोणाची आहे, गुरं कुठून जातात, पोरं शाळेत कुठून येतात, हे सगळं आमच्याकडं होतं आणि जो कोणी खेळाची फिल्म काढतो त्याच्याकडं असतंच असं माझं ठाम मत आहे.

आवाजाचं पण तेच. डोक्यावर कडब्याची पेंढी घेतलेली एक मावशी विचारते, "कुणीकडं चाललाव रं पोरंहो, तिकडं वाटच न्हाई की," आणि आमचा गडी म्हणतो, "मावशे, तिकडूनच यायलाव आम्ही." हे सगळं वाऱ्याच्या घोंगाटात गेलेलं. फेअरलाइटच्या ईक्यूमधे (आवाजाचे जाड-बारीक पट्टे कमीजास्त करायची सोय) खालचा घुमणारा आवाज साधारण १०० हर्ट्झच्या खाली कापला तर बोलणं वर आलं, स्टुडिओसारखं नाही पण कळतंय. सबटायटलचा वेगळा ट्रॅक असतो, बाहेरच्यांसाठी तिथं ओळी टाकल्या. गाणं या फिल्मला लावलंच नाही, गरज पडली नाही आणि लायसन्सची कटकट पण वाचली.

आता कुठं अडतं ते. चित्रातले दाणे घालवणारं नॉइज रिडक्शन आणि बोलणं वेगळं काढणारं व्हॉइस आयसोलेशन पैसेवाल्या स्टुडिओ आवृत्तीतच आहे, ती २९५ डॉलरला, पण एकदाच भरायचे, महिन्याचं भाडं नाही. दिवस मावळल्यावरचं म्हैसमाळचं फुटेज दाणेदार आहे, ते मी तसंच ठेवलं. १० बिटमधे (रंगाच्या जास्त छटा धरणारं रेकॉर्डिंग) शूट करणार असाल तर आधी एक छोटा क्लिप टाकून बघा, फुकटवाल्यात सगळं १० बिट चालत नाही. प्रोजेक्टचा फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम, तो फुटेज आत घ्यायच्या आधी ठरवा, नंतर तो बदलता येत नाही, नवीन टाइमलाइनला मात्र वेगळा देता येतो. २४ च्या टाइमलाइनवर ६० चं फुटेज ४० टक्क्यावर आणलं की एकदम मऊ स्लो मोशन मिळतं, धुळीच्या शॉटला तर फारच शोभतं.

लॅपटॉप साधा असेल तर प्रॉक्सी, म्हणजे फुटेजच्या हलक्या कॉप्या, बनवल्याशिवाय हात लावू नका, रात्री लावून झोपा आणि सकाळी बघा. रॅम १६ जीबी तरी पाहिजे. लाइव्ह सेव्ह चालू असतं, म्हणजे काम आपोआप सेव्ह होत राहतं, आमच्याकडं लाइटीचा काही भरोसा नाही त्यामुळं याचं मोल मला विचारा. प्रोजेक्ट बॅकअप मात्र सेटिंगमधे जाऊन स्वतः तपासून घ्या.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार. ज्यांची एखादी फिल्म झालीय आणि डिस्क कपाटात पडलीय त्यांनी हे टाकून घ्या, जुना प्रोजेक्ट उघडा आणि आधी युसेजवर सॉर्ट करा. दुसऱ्या सॉफ्टवेअरमधे एडिट केलं असेल तर तिथून एक्सएमएल (कटांची यादी असलेली फाइल) काढून इथं आणता येतो, कट बहुतेक जसेच्या तसे येतात, इफेक्ट परत लावावे लागतात.